पेटीवरून पियानोकडे : भाता सुटलेल्या डाव्या हाताचे काय करावे

पियानोसमोर पहिल्यांदा बसलो त्या संध्याकाळी उजवा हात सवयीने काळी चारवर जाऊन टेकला आणि डावा हात पियानोच्या पाठीमागे, जिथे काहीच नव्हते तिथे, भाता शोधू लागला. वीस-बावीस वर्षे भजनाला पेटीची साथ केलेल्या माणसाचा हात होता तो. त्याला दुसरे काम ठाऊकच नव्हते. मी भूप रागाचा आरोह वाजवला आणि वरच्या षड्जावर नेहमीसारखा थांबलो. षड्ज मात्र थांबला नाही, विझून गेला. शेजारी बसलेले आमच्या मंडळाचे बुवा कान देऊन ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "तुझो सूर खंय जाता रे?"

पेटीवाल्याने स्वतःच्या स्वतः पियानो शिकताना ज्या अडचणी येतात, त्या बहुतेक सगळ्या या एका प्रश्नातून निघतात असे माझे आता मत झाले आहे. कोकणात वाडीवाडीत पेटी आहे, पण पियानो शिकवणारा माणूस जवळपास मिळेलच असे नाही. सिंधुदुर्गातल्या ज्या मंडळींना दर आठवड्याला गोव्याला जाणे शक्य असेल त्यांनी खुशाल जावे; पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण मिळते, आणि गुरूसमोर बसून शिकण्याला पर्याय नाही. ज्यांना ते जमत नाही, पण पेटी मात्र चांगली हाताखाली आहे, अशांसाठी हे लेखन आहे. पट्ट्यांची ओळख, सप्तकांची रचना, ऐकलेली चाल शोधून काढण्याची हातोटी ही सगळी पुंजी आपल्याजवळ आधीच असते, म्हणून त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. पेटीची पांढरी एक म्हणजे पियानोचा सी, पांढरी सहा म्हणजे ए, काळी पाच म्हणजे ए-शार्प किंवा बी-फ्लॅट; एवढी बारा नावे एका दिवसात पाठ होतात.

खरा फरक आवाज कसा निर्माण होतो यात आहे. पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते आणि भात्यातली हवा सुरीतून, म्हणजे आतल्या पितळी जिभेतून, जात असेपर्यंत स्वर टिकतो. पट्टी हळू दाबा किंवा जोरात आपटा, आवाजात काही फरक पडत नाही, कारण आवाजाचा जोर डाव्या हातात असतो आणि तो दाबलेल्या सर्व स्वरांना सारखाच लागू होतो. पियानोत पट्टी दाबली की आतली नमद्याची हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. त्यानंतर तारेचा आणि आपल्या बोटाचा संबंध इतकाच उरतो की बोट उचलले की नमद्याची गादी तारेवर बसते आणि स्वर बंद होतो. स्वर जन्मतो त्या क्षणापासून विझू लागतो, आणि तो किती मोठा असावा हे पट्टी किती वेगाने खाली गेली यावर, म्हणजे जेमतेम एक सेंटीमीटरच्या प्रवासात, ठरून जाते. आवाज आल्यावर पट्टी कितीही दाबून धरली तरी तो वाढत नाही.

हे वाचायला सोपे आहे, पण हाताला पटायला वेळ लागतो. मला ते मनगट दुखल्यावर पटले. सूर विझतो आहे असे ऐकू आले की माझे बोट आपोआप पट्टीत अधिक रुतत असे, जणू दाबल्याने तो परत येणार आहे. तीन आठवडे असे वाजवल्यावर सकाळी कळशी उचलतानाही कळ येऊ लागली. तेव्हा सराव थांबवला आणि मग रोज पहिली पाच मिनिटे एकच गोष्ट केली : मधल्या बोटाने एक पट्टी वाजवायची, आवाज आला की बोट पट्टीवरच ठेवून मनगट, कोपर आणि खांदा सैल सोडायचा, आणि स्वर पूर्ण विझेपर्यंत ऐकत राहायचे. मग तीच पट्टी अगदी हलकी, नंतर थोडी मोठी, अशी पाच निरनिराळ्या जोरांनी वाजवायची. खर्जातला स्वर किती तरी मात्रा टिकतो आणि तार सप्तकाच्याही वरचा स्वर टिचकीसारखा संपतो, हे या पाच मिनिटांत कानाला नीट कळते. पुढे चाल बसवताना कोणत्या स्वरावर किती विसंबावे याचा अंदाज तिथूनच येतो.

वाद्य घेताना मात्र घाई करू नये. आपल्याकडे कोणत्याही कीबोर्डला सरसकट कॅसिओ म्हणतात, आणि मंडळातल्या कोणाकडे तरी एकसष्ट पट्ट्यांचा असा कॅसिओ पडलेला असतोच. पट्ट्यांची नावे शिकण्यापुरता तो चालेल, पण त्याच्या हलक्या पट्ट्यांवर पियानो शिकणे म्हणजे पेटीवरच राहणे आहे, कारण बोटाच्या वेगाने आवाज घडवण्याची सवय तिथे लागत नाही. ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. जुना मिळाला तरी चालेल, फक्त प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात वाजवून पाहावी. तारांचा खरा पियानो किनाऱ्यावर सांभाळणे अवघड असते. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, पावसाळ्यात लाकूड आणि नमदा फुगून पट्ट्या अडकतात, आणि सूर लावणारा कारागीर लांबून बोलवावा लागतो. डिजिटल वाद्यालाही पावसाळा सोसत नाहीच. ते बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, वापर नसताना सुती कापडाने झाकावे, आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की बटण बंद करण्यावर न थांबता प्लग भिंतीतून काढावा. हेडफोनचा एक मोठा फायदा असा की रात्री घर झोपल्यावरही सराव होतो. पत्र्यावर पाऊस वाजत असताना तर हेडफोनशिवाय सूर ऐकूही येत नाहीत.

बैठकीबद्दल एक सूचना, जी पेटीवाल्यांना हमखास द्यावी लागते : पियानो चौरंगावर ठेवून मांडी घालून वाजवू नये. सुरुवातीला ते फार सोयीचे वाटते, पण कोपर पट्ट्यांच्या खाली जाते, मनगट मोडते आणि पेडल वापरता येत नाही. पट्ट्या जमिनीपासून सुमारे ७२ सेंटीमीटर उंचीवर येतील असा स्टँड असावा, आणि बैठक इतकी उंच असावी की बोटे पट्टीवर ठेवली असता कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसावे. पेटी वाजवताना आपण नकळत उजवीकडे कलून बसतो; घरातल्या कोणाला तरी मागून खांदे बघायला सांगावे.

आता बोटे. पेटीवर बहुतेकांचे काम अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांवरच चालते, आणि करंगळी पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी बाजूला उभी असते. पियानोच्या लिपीत अंगठ्याला १ आणि करंगळीला ५ असे दोन्ही हातांचे क्रमांक असतात, आणि पाचही बोटांना सारखे काम मिळते. नवशिक्याला साधारणपणे पांढऱ्या पट्ट्यांवरून सुरुवात करायला सांगतात. आपण तसे करू नये असे मला वाटते, आणि त्याला मोठ्या माणसाचा आधार आहे. १९व्या शतकातला पोलिश पियानोवादक शोपँ शिष्यांचा हात पहिल्यांदा ई, एफ-शार्प, जी-शार्प, ए-शार्प आणि बी या पाच पट्ट्यांवर ठेवायला लावी, कारण लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर आली की हात आपल्या नैसर्गिक घडणीत राहतो. पेटीच्या भाषेत या पट्ट्या म्हणजे पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि पांढरी सात. पांढरी तीनचा षड्ज धरून हे स्वर म्हणून पाहावेत : सा, रे, ग, तीव्र म, प. यमन रागाचे पूर्वांग, म्हणजे सप्तकाचा खालचा अर्धा भाग! ज्याचा हात एरवीच काळी चार, काळी पाचवर फिरतो त्याला ही जागा परकी वाटत नाही. पाच बोटे, पाच स्वर, अंगठा कोठेही न हलवता, आधी सरळ आणि मग सा ग रे म ग प अशा पलट्यांनी पंधरा दिवस वाजवावेत, आणि प्रत्येक वेळी चौथ्या बोटाचा तीव्र मध्यम इतर स्वरांइतकाच मोठा येतो की नाही हे ऐकावे. माझा महिनाभर येत नव्हता.

सप्तक पूर्ण करायचे तर अंगठा तळव्याखालून सरकवावा लागतो. पांढरी एकला षड्ज धरून सगळ्या शुद्ध स्वरांच्या बिलावलात उजवा हात १-२-३ या बोटांनी सा रे ग वाजवतो, अंगठा मधल्या बोटाखालून मध्यमावर येतो आणि पुढे १-२-३-४-५ असे म प ध नि सां होतात. डावा हात वर जाताना ५-४-३-२-१ ने सा ते प, आणि मग मधले बोट अंगठ्यावरून ओलांडून ३-२-१ ने ध नि सां घेतो. अंगठा आयत्या वेळी झटक्याने जाऊ नये; ऋषभ वाजत असतानाच तो आत सरकू लागावा. पेटीवर आपण अशा जागी बोट घसरवून वेळ मारून नेतो आणि भात्याची हवा तो सांधा झाकते. पियानोवर तो लगेच ऐकू येतो.

डाव्या हाताकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त वेळ तिथेच जाणार आहे. हा हात जोर जाणतो, लय जाणतो, पण त्याच्या बोटांना स्वर माहीत नाहीत. त्याला थेट चाल शिकवू नये. आधी त्याला तंबोरा करावे : करंगळीने सा, तर्जनीने प, अंगठ्याने वरचा सा, संथपणे, दोन-दोन मात्रांना एक स्वर. त्यावर उजव्या हाताने भूपाचा आरोह-अवरोह बरोबरीत वाजवावा, मग डावा हात तसाच ठेवून उजव्याने दुगुन, म्हणजे दुप्पट लय, करावी. पेटीवाल्याला लयकारी नवी नसते, त्यामुळे हे चार-पाच दिवसांत जमते आणि दोन हात निरनिराळे चालू शकतात याचा विश्वास येतो.

यानंतरचा सराव मला स्वतःला पट्ट्यांकडे बघता बघता सापडला, आणि तो मी आता ज्याला त्याला सांगत असतो. पांढरी दोनला षड्ज मानून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या तर काफी थाट, म्हणजे ग आणि नि कोमल असलेला स्वरसंच, होतो. या थाटातली स्वरांतरे खालून वर मोजली काय किंवा वरून खाली मोजली काय, सारखीच येतात. म्हणून दोन्ही अंगठे एकाच पांढरी दोनवर ठेवून उजवा हात वर आणि डावा हात खाली नेला, तर दोन्ही हातांना एकाच वेळी एकच बोट लागते आणि दोन्हीकडे अंतरही तेच राहते. दोघांचीही बोटे १-२-३, १-२-३-४-५ अशीच चालतात. उजवा रे वाजवतो तेव्हा डावा कोमल नि, उजवा कोमल ग तेव्हा डावा ध. आरशात पाहावे तसे डावा हात उजव्याकडून शिकत जातो. हे बसल्यावरच दोन्ही हात एका दिशेने न्यावेत. ते अधिक कठीण आहे, कारण तिथे दोघांचे अंगठे वेगवेगळ्या वेळी सरकतात.

मग ठेका. दादरा तालाच्या सहा मात्रांत डाव्या हाताने पहिल्या मात्रेला खालचा सा करंगळीने, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला ग आणि प एकत्र, चौथ्या मात्रेला पुन्हा सा पण 'खाली'ला, म्हणजे तालाच्या रिकाम्या मात्रेला, शोभेल इतका हलका, आणि पाचव्या-सहाव्या मात्रेला परत ग-प असे वाजवावे. सम, म्हणजे पहिली मात्रा, ठळक आणि 'खाली' हलकी, तेही उजव्या हाताची चाल एका पातळीवर ठेवून, हे पेटीवर शक्यच नव्हते. भाता एकच होता. इथे प्रत्येक बोटाला जणू स्वतःचा भाता मिळतो. मला या वाद्याची गोडी लागली ती या जागी.

सा-ग-प, म-ध-सां आणि प-नि-रें हे तीन स्वरगुच्छ, ज्यांना कॉर्ड म्हणतात, ते पेटीवाल्याला अर्ध्या तासात सापडतात आणि मग त्याला ते सगळीकडे लावावेसे वाटतात. तसे करू नये. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, म्हणून म-ध-सां किंवा प-नि-रें डाव्या हातात आले की उजव्या हातात भूप असूनही कानाला तो भूप राहत नाही. तिथे सा-ग-प आणि ध-सा-ग एवढ्यावर भागवावे, किंवा नुसता सा-प ठेवावा. भावगीत किंवा चित्रपटातली चाल असेल तर गोष्ट वेगळी.

डिजिटल पियानोवर ट्रान्सपोजचे बटण असते. स्केल चेंजरची पेटी वापरलेल्या माणसाचा हात तिकडे आधी जातो, कारण गवयाने पट्टी, म्हणजे षड्जाची जागा, बदलली की आपण पट्ट्यांचा सांगाडा सरकवून मोकळे होतो. या बटणाला पहिली दोन वर्षे हात लावू नये. एकच चार ओळींची चाल आठवड्याला एक याप्रमाणे बाराही पट्ट्यांतून बसवावी. तीन महिने लागतील, पण पाठ झालेली बोटे आणि समजलेले स्वर यांतला फरक त्या तीन महिन्यांत जितका कळतो तितका दुसऱ्या कशाने कळत नाही.

स्वरलिपी वाचणे कित्येक जण टाळतात. सा रे ग म लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीची सवय असलेल्याला अडचण अशी येते की आपली लिपी षड्ज कोठेही मानू देते, तर पाच रेघांवरची लिपी थेट पट्टीचे ठिकाण सांगते. तिथे "सा कुठला?" हा प्रश्नच विचारायचा नसतो. तीन खुणा पक्क्या कराव्यात. मधला सी, म्हणजे पियानोच्या मध्यभागची पांढरी एक, वरच्या आणि खालच्या रेघांच्या मधोमध एका सुट्या छोट्या रेघेवर असतो. वरच्या रेघांच्या आरंभी असलेल्या ट्रेबल क्लेफ या खुणेचे वेटोळे खालून दुसऱ्या रेघेभोवती असते, ती रेघ जी, म्हणजे मधल्या सीचा पंचम. खालच्या रेघांच्या आरंभी असलेल्या बेस क्लेफ या खुणेचे दोन ठिपके ज्या रेघेच्या वर-खाली असतात ती एफ, म्हणजे मंद्र मध्यम. सीपासून वर एक पंचमाचे अंतर आणि खाली तेवढेच. या तीन खांबांपासून इतर स्वर पायऱ्या मोजून काढावेत, रोज दहा मिनिटे, आणि तेही न ऐकलेल्या चालींवर; ओळखीची चाल घेतली की आपला कान डोळ्यांना काम करूच देत नाही.

पेडलला मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. उजवे पेडल दाबले की सगळ्या गाद्या तारांवरून उठतात आणि बोट उचलल्यावरही स्वर चालू राहतात. सूर विझतो म्हणून हळहळणाऱ्या पेटीवाल्याला हे वरदान वाटते. मलाही वाटले, आणि घरच्या आरतीला मी पाय न उचलता अख्खी चाल वाजवली. नंतर फोनवरचे ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा नि आणि सां, ग आणि म सगळे एकमेकांत कालवले गेले होते. पेडल स्वरगुच्छाबरोबर दाबायचे नसते. नवा गुच्छ वाजतो त्याच क्षणी पाय वर येतो, जुने स्वर तुटतात, आणि बोटे अजून पट्टीवर असतानाच पाय पुन्हा खाली जातो. हात खाली तेव्हा पाय वर. सुरुवातीला एकाच हाताने सा-ग-प आणि म-ध-सां एवढेच, चार-चार मात्रांनी, मध्ये फट न पडता आणि सूर न मिसळता बदलता येतात का ते पाहावे. जुन्या संगीत नाटकातली किंवा दशावतारातली पायपेटी ज्यांनी वाजवली आहे त्यांचे दोन्ही हात आधीपासून मोकळे असतात, हा त्यांचा मोठा लाभ. पण त्यांचा पाय मात्र हवा भरायच्या सवयीने ताला-ताला हलत राहतो आणि तो शांत करायला त्यांना इतरांपेक्षा जास्त दिवस लागतात.

रोजचा वेळ पाऊण तास पुरतो, पण तो सलग न घेता सकाळ-संध्याकाळ वाटून घ्यावा. गणपतीचे दिवस आले की पियानो सरळ झाकून ठेवावा. वाडीतल्या घरोघरच्या भजनांना रात्र रात्र पेटी वाजवून आल्यावर पियानोवर बसले तर बोटे पुन्हा पट्टीत रुतू लागतात. विसर्जनानंतर दोन दिवस हाताला विश्रांती द्यावी, आणि मग कोणतीही चाल न घेता मधल्या बोटाने एक पट्टी वाजवून स्वर पूर्ण विझेपर्यंत ऐकण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.